एडनचे वय

माणसाच्या वयाविषयी सहसा वाद होत नाही. घरातील वडील मंडळींची आठवण, जन्मपत्रिका किंवा शाळेचा दाखला, यांपैकी कोणीतरी निकाल देऊन टाकते. थोर पुरुषांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. श्रीशिवछत्रपतींचा जन्म शके १५४९च्या वैशाखातला की शके १५५१च्या फाल्गुनातला, हा वाद लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्धीस आणल्यापासून किती वर्षे चालला हे महाराष्ट्रास सांगावयास नको. २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली, तरी तिथी मानणारे तिथी मानतातच. माणसाचे वय ठरविणे जर इतके अवघड, तर एखाद्या घराचे वय ठरविणे त्याहून अवघड असावयाचे. कारण घर बांधले केव्हा, त्यात प्रथम माणसे जमली केव्हा, आणि ज्या कामामुळे पुढे त्याचे नाव झाले ते काम त्यात प्रथम घडले केव्हा, ह्या अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ला सिओता नावाचे एक लहानसे बंदर आहे. मार्सेलिस हे नाव सावरकरांच्या उडीमुळे मराठी घरांतील मुलांनाही ठाऊक असते. तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे तीस किलोमीटर पूर्वेस गेले म्हणजे हे गाव लागते. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. तेथे समुद्राकडे तोंड करून पिवळ्या रंगाची एक बेताची इमारत उभी आहे. तिचे नाव एडन. आज उभ्या असलेल्या जगातील चित्रपटगृहांत हेच सर्वांत जुने, असे ला सिओताचे लोक अभिमानाने सांगतात. २१ मार्च १८९९ रोजी सुमारे अडीचशे प्रेक्षकांपुढे येथे ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली, आणि २०२४च्या मार्चमध्ये त्या खेळास सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. परंतु इमारतीचे दार उघडले होते ते १५ जून १८८९ रोजी. त्या हिशेबाने तिची शंभरी १९८९ सालीच भरली. आणि ती भरली त्या वेळी हे दार वर्षाकाठी एखाद्या उत्सवापुरतेच उघडत असे, एरवी त्यास कुलूप असे. शतसंवत्सरीच्या दिवशी कुलूप आणि सव्वाशेव्या वर्षी मात्र आत उजेड, असा हा उलटा क्रम आहे. तो कसा घडला, हे पाहावयाचे आहे.

१८८९ साली चित्रपटगृह बांधण्याचा विचार कोणाच्याही डोक्यात येणे शक्य नव्हते, कारण चित्रपटच जन्मास आला नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीची शताब्दी तेव्हा साजरी होत होती आणि पॅरिसमध्ये आयफेलचा मनोरा नुकताच उभा राहिला होता. ला सिओता हे त्या वेळी मुख्यतः जहाजे बांधणाऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे आगबोटी बांधण्याची गोदी निघाली. पुढे पूर्वेकडील समुद्रावर ज्यांच्या बोटी फिरत त्या मेसाझरी मारितीम कंपनीच्या हाती ती गेली, आणि गावातील बहुतेक घरांची चूल तिच्यावर पेटू लागली. दिवसभर लोखंड ठोकून आलेल्या माणसास संध्याकाळी गाणे हवे, हसणे हवे, क्वचित कुस्तीही हवी. त्यासाठी हे नाटकगृह निघाले. एडन म्हणजे बायबलातील नंदनवन. अशी नावे त्या काळी फ्रान्समध्ये करमणुकीच्या जागांना देण्याची चाल होती. आपल्याकडे नाही का गल्लीबोळातील उपाहारगृहाला ‘इंद्रभुवन’ म्हणत!

ह्या गोदीकामगारांच्या गावात ल्यूमिएर मंडळी आली ती कामासाठी नव्हे, हवेसाठी. वडील आंत्वान ल्यूमिएर हे मूळचे चित्रकार. नंतर छायाचित्रकार झाले, आणि लिओं शहरी त्यांनी छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा कारखाना काढला. त्यांचे पुत्र ओग्यूस्त आणि लुई यांनी तो भरभराटीस आणला. पैसा हाती आल्यावर आंत्वानरावांनी ला सिओतास समुद्रकाठी विस्तीर्ण जमीन घेतली आणि तीवर मोठा वाडा बांधला. गृहस्थ खर्चिक, शोकीन आणि मित्रांचे भोक्ते होते. पोरे काटेकोर आणि प्रयोगशील होती. अशा जोडीतून पुष्कळदा काहीतरी नवे निर्माण होते. १३ फेब्रुवारी १८९५ रोजी बंधूंनी आपल्या ‘सिनेमातोग्राफ’ यंत्राचा परवाना मिळविला. ह्या यंत्राची खरी करामत अशी की, एकच पेटी चित्रे घेई, तीच त्यांची प्रत काढी आणि तिच्यामागे दिवा ठेवला की तीच ती पडद्यावर दाखवी. एक माणूस ती उचलून जगाच्या पाठीवर कोठेही जाऊ शके, आणि पुढे तशी माणसे गेलीही. एका फितीची लांबी सुमारे सतरा मीटर. हाताने दांडा फिरविला की पन्नासेक सेकंदांत खेळ आटोपे.

ल्यूमिएर कुटुंब उन्हाळ्यात ला सिओतास राही, आणि यंत्रही बरोबर येई. त्यामुळे ह्या गावातील साध्या साध्या गोष्टी जगातील पहिल्या चलच्चित्रांत जाऊन बसल्या. लाकडी फळीवरून समुद्रात उड्या टाकणारी मुले, बंदराच्या तोंडाशी लाटांशी झगडणारी होडी, बागेत मेजाभोवती पत्ते खेळणारे आंत्वानराव व त्यांचे स्नेही, आणि स्टेशनात शिरणारी ती आगगाडी. २१ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच वाड्यात मित्रमंडळींस बोलावून ही चित्रे दाखविण्यात आली. म्हणजे पॅरिसमधील २८ डिसेंबर १८९५च्या ज्या खेळापासून चित्रपटाचा जन्म मोजण्याचा प्रघात आहे, त्याच्या तीन महिने आधी. त्या पॅरिसच्या खेळाविषयी एक गमतीची गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. ‘ग्रां काफे’च्या तळघरातील ज्या दालनात तो झाला त्याचे नाव ‘सालों आंदियें’, म्हणजे भारतीय दालन. एक फ्रँक देऊन आत आलेल्या माणसांची संख्या अवघी तेहतीस. ह्या नावावरून आपण काही अभिमान बाळगावा असे नाही. तेव्हाच्या युरोपात चार गालिचे आणि दोन हत्ती काढले की ते दालन भारतीय होई.

येथे आगगाडीच्या त्या प्रसिद्ध कथेचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पडद्यावर गाडी अंगावर येताना पाहून प्रेक्षक किंचाळत उठले आणि दाराकडे धावले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे; पुष्कळ पुस्तकांत ती छापलेलीही आहे. पहिली अडचण अशी की २८ डिसेंबरच्या पहिल्या खेळातील दहा फितींत आगगाडी नव्हतीच. दुसरी अडचण याहून मोठी. मार्टिन लॉयपर्डिंगर ह्या जर्मन संशोधकाने त्या काळची वर्तमानपत्रे व कागद धुंडाळून दाखवून दिले आहे की, अशा पळापळीचा समकालीन पुरावा मिळत नाही. ती कथा नंतर वाढली. एवढेच नव्हे, आज आपणांस बहुधा जी फीत दाखवितात ती १८९७ साली पुन्हा घेतलेली असून तिच्यात फलाटावर ल्यूमिएर घराण्यातील बायकामुलेच वावरताना दिसतात, असे जाणकारांचे म्हणणे आहे. मॅक्झिम गॉर्की याने १८९६च्या जुलैत रशियातील निझनी नोव्हगोरोद येथे ही चित्रे पाहिली आणि लगेच त्यांवर लिहिले. गाडी आता आपल्यावर येणार असे त्यासही क्षणभर वाटले. परंतु त्याच्या मनावर खरा परिणाम झाला तो तेथील शांततेचा. माणसे हसतात पण आवाज नाही, झाडे हलतात पण रंग नाही, सगळा सावल्यांचाच मुलूख, अशी काहीशी त्याची भावना झाली. भीती खरीच, परंतु ती इंजिनाची नव्हती.

लोकांस त्या काळी भय वाटावयाचे एक रास्त कारण होते, आणि ते म्हणजे आग. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये धर्मादाय बाजाराच्या मंडपात सिनेमाच्या ईथरवर जळणाऱ्या दिव्याने पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसे, त्यांत बहुतेक बड्या घरच्या स्त्रिया, काही मिनिटांत जळून मेली. त्या काळच्या फिती ज्या द्रव्याच्या होत ते द्रव्य स्वतःच ज्वालाग्राही. अशा गोष्टीची दंतकथा होत नाही. तिची लोकांस आठवण राहते, आणि पुढे तिच्यातून नियम होतात. चलच्चित्र दाखविण्यासाठी भक्कम भिंतींची, निघावयास पुरेशी दारे असलेली जागा हवी, ही गरज अशा प्रसंगांनी पटविली. एडन त्या वेळी सुमारे आठ वर्षांचे होते. त्याचे मालक रौल गालो हे आंत्वान ल्यूमिएर यांचे स्नेही. ह्या मैत्रीमुळेच २१ मार्च १८९९चा खेळ एडनमध्ये झाला. वाड्यातील निमंत्रितांचा खेळ गावच्या नाटकगृहात आला, आणि ज्या बंदराची, ज्या फलाटाची चित्रे वाड्यातील पाहुण्यांनी साडेतीन वर्षांपूर्वी पाहिली होती ते बंदर आणि तो फलाट ज्यांचे होते, त्यांच्यापर्यंत हा नवा खेळ पोचला.

आता मुंबईकडे वळतो, आणि हे वळण मी ओढूनताणून घेत नाही. ल्यूमिएरांनी आपली माणसे यंत्रासह दूरदेशी धाडली, त्यांतील मारियूस सेस्तिए नावाचा एक औषधविक्रेता ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईस उतरला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्याने चार खेळ केले. दर माणशी एक रुपया. म्हणजे त्या काळच्या मजुराची कित्येक दिवसांची मिळकत. तेव्हा पहिल्या दिवशी आत कोण बसले असेल हे सांगावयास नको. सहा फितींपैकी एक ‘आगगाडीचे आगमन’ आणि एक ‘समुद्रस्नान’. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात हलविण्यात आला. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले, पडद्यातील स्त्रियांसाठी निराळी सोय केली, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत लोक येत राहिले. सेस्तिएने मुंबईत काही चित्रेही घेतली, परंतु ती लिओंच्या मालकांस पसंत पडली नाहीत.

हे सन जुळवून पाहावे. एडनच्या पडद्यावर ल्यूमिएरांचा खेळ लागला १८९९च्या मार्चमध्ये. मुंबईत तो १८९६च्या जुलैत लागला होता. जे यंत्र ज्या गावच्या किनाऱ्यावर उन्हाळे घालवीत होते, त्या गावच्या नाटकगृहाच्या आधी अडीच वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या नाटकगृहाने ते पाहिले. आणि १८९९ सालीच, मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून मागविलेल्या यंत्राने मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्र घेतले. पुढे १९०१च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रही त्यांनीच घेतले. तेव्हा ला सिओताचे लोक आपल्या गावास चित्रपटाचा पाळणा म्हणतात ते म्हणोत. पाळणा हलला त्याच वेळी त्याची दोरी मुंबईपर्यंत पोचली होती, हेही तितकेच खरे आहे.

मग सर्वांत जुने चित्रपटगृह कोणते? ह्या प्रश्नाचे उत्तर आपण ‘चित्रपटगृह’ ह्या शब्दाचा अर्थ काय करतो यावर अवलंबून आहे. सुरुवातीची पाचदहा वर्षे चित्रपट हा बिऱ्हाडकरू होता. हॉटेलचे दालन, नाटकगृहातील मधली वेळ, जत्रेतील तंबू, जागा मिळेल तेथे तो पथारी पसरी. जत्रेतील तंबूचा सिनेमा आमच्या पिढीनेही लहानपणी पाहिलेला आहे. पडद्याच्या उलट्या बाजूस बसले तर कमी पैसे पडत आणि नायक डावखुरा दिसे, एवढाच फरक. कायमचे घर बांधणे चित्रपटवाल्यास तोपर्यंत परवडत नसे, कारण फिती विकत घ्याव्या लागत आणि एका गावच्या लोकांस तीच फीत किती वेळा दाखविणार? म्हणून फीत तीच ठेवून गाव बदलावे लागे. १९०७ साली पाथे कंपनीने फिती विकण्याऐवजी भाड्याने देण्याचे धोरण स्वीकारले आणि हे गणित उलटले. आता गाव तेच राहून फीत बदलू लागली. ह्याच सुमारास जिकडेतिकडे कायमची चित्रगृहे उभी राहिली याचे कारण हे आहे. फ्रान्सच्या उत्तरेस कोळशाच्या खाणींच्या प्रदेशातील आनिश गावचे ‘इदेआल’ १९०५चे. डेन्मार्कमधील कोरसर गावचे चित्रगृह ७ ऑगस्ट १९०८ रोजी उघडलेले. पोलंडमधील श्चेचिन शहरचे ‘पिओनिएर’ त्याच सुमाराचे. हे शेवटचे चित्रगृह काही वर्षे गिनेसच्या बुकात सर्वांत जुने म्हणून होते. पुढे तो मान कोरसरकडे गेला.

यांतील प्रत्येकाचा दावा आपापल्या परीने खरा आहे. चित्रपटासाठीच बांधलेले म्हणाल तर आनिश. खंड न पडता चालू असलेले म्हणाल तर कोरसर. आणि ज्या छपराखाली सर्वांत आधी चित्रपट दाखविला गेला व जे आजही चित्रपट दाखविते असे म्हणाल तर एडन. वैदिकांत जसा यजुर्वेदी आणि ऋग्वेदी यांचा मान निरनिराळ्या पंक्तीस, तसाच हा प्रकार. मला स्वतःला ह्या विक्रमांत फारसा रस नाही. बुके दरसाल निघतात आणि दरसाल कोणीतरी कागद शोधून काढतो. परंतु एडनच्या दाव्यात एक गोष्ट अशी आहे की जी इतरांच्यात नाही. त्याचा दावा अखंडतेचा नाही. मध्ये मोठा खंड पडला आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग एडनने इतर गावांतील नाटकगृहांप्रमाणेच घालविला. नाटके, कुस्त्या, मुष्टियुद्धे, मूकपट आणि मग बोलपट. फर्नांदेल, एदित पियाफ, इव्ह मोंतां यांसारखी पुढे जगप्रसिद्ध झालेली मंडळी ह्या रंगपटावर येऊन गेली. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही; चालू असलेल्या घराचा इतिहास थोडका असतो. संकट आले ते शतकाच्या उत्तरार्धात. दूरदर्शन घरोघर आले आणि प्रेक्षक कमी झाले, हे जगभर झाले तसे तेथेही झाले. १९८२ साली गल्ल्याच्या पैशांसाठी एडनच्या चालकाचा खून झाला. त्यानंतर रोजचे खेळ बंद पडले. वर्षातून एकदा नवोदित दिग्दर्शकांच्या पहिल्या चित्रपटांचा उत्सव होई, तेवढ्यापुरते दार उघडत, आणि १९९५ साली इमारतीची अवस्था पाहून तेही बंद करण्यात आले. ह्याच काळात गावावर दुसरी कुऱ्हाड पडली होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गोदी बंद पडली. ज्या कामगारांच्या करमणुकीसाठी एडन निघाले होते त्यांचाच रोजगार गेला. त्यांपैकी पुष्कळांनी कित्येक वर्षे हट्टाने गोदी सोडली नाही. पुढे तेथे धनिकांच्या शिडाच्या व यांत्रिक नौका दुरुस्त करण्याचा धंदा सुरू झाला आणि आज तोच चालतो.

अशा वेळी जुने नाटकगृह कोण पाहणार? पोटास नाही तेथे पडद्यास कोठून आणावयाचे, असे कोणी म्हटले असते तर त्यास उत्तर देणे कठीण होते. किनाऱ्यावरची मोक्याची जागा. ती पाडून तेथे सदनिका बांधल्या असत्या तर व्यवहारी माणसाने नावे ठेवली नसती. पण वास्तू नगरपालिकेच्या ताब्यात आली, १९९६ साली फ्रेंच सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिचे नाव गेले, आणि गावातील हौशी मंडळींनी ‘एडनचे दिवे’ अशा अर्थाच्या नावाची एक संस्था काढून पाठपुरावा चालविला. नावात श्लेष आहे: फ्रेंचमध्ये ‘ल्यूमिएर’ म्हणजेच प्रकाश. यादीत नाव गेल्याने इमारत पडावयाची थांबत नाही, ती फक्त पाडता येत नाही. हे आपणही येथे पुष्कळ पाहतो. प्रत्यक्ष डागडुजीस मुहूर्त लागला तो मार्सेलिस व आसपासचा प्रदेश २०१३ सालासाठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडला गेला तेव्हा. त्या निमित्ताने पैसा आला, भिंती, सज्जा आणि छत दुरुस्त झाले, आणि ९ ऑक्टोबर २०१३ रोजी एडनचे दार पुन्हा उघडले. आता खुर्च्या दोनशेहून कमी आहेत. १८९९च्या त्या रात्री जेवढी माणसे दाटीवाटीने बसली होती तेवढी आज नियमाने बसविता येणार नाहीत.

ह्या जीर्णोद्धाराकडे एक प्रकारच्या संशयाने पाहणारेही असतील. दुरुस्तीनंतर जुने किती उरले? नवे तक्ते, नव्या खुर्च्या, नवे यंत्र. मग हे एडन ते एडनच कशावरून? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गात विचारावयास चांगला आहे. पण आपली जुनी देवळे पाहिली म्हणजे त्याचे उत्तर मिळते. मंडप पेशवाईतला, कळस परवाचा, गाभारा कोणत्या शतकातला ते कोणी सांगू शकत नाही. आणि तरी देऊळ तेच, कारण गुरवाने सांजवात चुकविलेली नाही. एडनच्या बाबतीत सांजवात मात्र चुकली होती, अठरा वर्षे तर पुरतीच. म्हणून त्याचे वय मी २१ मार्च १८९९ पासून मोजावे, १५ जून १८८९ पासून मोजावे, की ९ ऑक्टोबर २०१३ पासून, असे कोणी मला विचारले तर मी तिसरी तारीखही हिशेबात धरीन. पहिल्या दोन तारखा मालकांनी आणि त्यांच्या मित्रांनी घडविल्या. तिसरी गावाने घडविली.

२०१३ हे साल आपल्याकडेही चित्रपटाच्या उत्सवाचे होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईस कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला, त्यास शंभर वर्षे झाली म्हणून देशभर समारंभ झाले, भाषणे झाली, फाळक्यांच्या तसबिरीस हार पडले. कॉरोनेशन आज नाही. आणि कलकत्त्यास जमशेटजी फ्रामजी मादन यांनी १९०७ साली जे एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस काढले, भारतातील पहिले कायमचे चित्रपटगृह म्हणून ज्याचा उल्लेख होतो, आणि जे पुढे मिनर्व्हा व शेवटी चॅप्लिन ह्या नावाने चालले, ते त्याच २०१३ साली पाडण्यात आले. मादन हे मुंबईचे पारशी. त्यांच्या त्या घराचे नावही मुंबईच्या एल्फिन्स्टन नाटक मंडळीवरून आलेले. म्हणजे ज्या वर्षी ला सिओतात एडनचे दार उघडले त्याच वर्षी, आमच्या शतकमहोत्सवाच्या ऐन धामधुमीत, आमचे जुने घर जमीनदोस्त झाले. ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा साल पुन्हा एकदा तपासून पाहिले.

वॉटसन हॉटेलची इमारत मात्र उभी राहिली. बिडाच्या सांगाड्याचे भाग इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून १८६०च्या दशकाच्या अखेरीस तिची जुळणी झाली. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्या खोल्यांत वकिलांच्या कचेऱ्या व बिऱ्हाडे थाटली गेली. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. २०१९ साली ती धोकादायक ठरवून आतल्या माणसांस बाहेर काढण्यात आले. पाडावी की राखावी यावर तज्ज्ञांची मते दोन झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. समोरून उच्च न्यायालयाकडे जाणाऱ्या वकिलांची रोज रीघ असते. कोठल्या तरी दालनात, चादरीएवढ्या पडद्यावर, आगगाडी येथे प्रथम आली, हे त्यांतील कितीजणांस ठाऊक असेल?

ला सिओताचे स्टेशन गावापासून थोडे दूर आहे. एकशेतीस वर्षांत तेथील इंजिने वाफेची जाऊन विजेची आली, फलाटावरच्या बायकांचे घोळदार झगे गेले, टोप्या गेल्या. मार्सेलिस आणि तुलों यांच्यामध्ये धावणाऱ्या गाड्या तेथे थांबतात, दारे उघडतात, माणसे उतरतात, आणि पन्नासेक सेकंदांत फलाट पुन्हा मोकळा होतो.